नकाशात हिरवं, जमिनीवर कुणाचं?

कुठल्याही नगरपरिषदेत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा उलगडला, की पिवळ्या रंगाच्या निवासी पट्ट्यात हिरवे तुकडे दिसतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि यादीत त्यापुढे लिहिलेलं असतं : बगीचा, खेळाचं मैदान, क्रीडांगण. तोच नकाशा हातात घेऊन गावात फिरलं, तर यातल्या बऱ्याच तुकड्यांवर ऊस उभा असतो, कुठे बाभळी वाढलेल्या असतात, कुठे भंगाराचं गोदाम असतं, कुठे मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात आणि कुठे दुमजली घरांची अख्खी गल्ली वसलेली असते. नगररचनेच्या भाषेत या जागा 'आरक्षित' आहेत. गावातल्या पोरांना मात्र खेळायला रस्ता आहे.

शहरातल्या मोकळ्या जागांबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक मुंबई-पुण्यापुरतं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक शहरांत राहत होते, आणि त्यातले कितीतरी लोक राज्यातल्या सुमारे अडीचशे नगरपरिषदांच्या गावांत राहतात. तिथे प्रश्न निराळा आहे आणि उत्तरंही निराळी निघतील. या लेखात मी मोठ्या शहरांचा अनुभव जरूर घेणार आहे, पण डोळ्यांसमोर पन्नास-साठ हजार वस्तीचं तालुक्याचं गाव ठेवून.

मोकळी जागा सरकारनं आखून द्यावी, हा विचार आपल्याकडे रोगराईतून आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीत हवा-उजेड नसल्यामुळे तो फैलावतो अशा समजुतीतून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर सर्वमान्य झालं, पण तोवर दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या होत्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि तिथली फाइव्ह गार्डन्स ही त्याच कामाची देणगी. १९१५ साली मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत भारतात आला, आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. जुन्या गावांतून सरळसोट रुंद रस्ता काढण्याला त्याचा विरोध होता. पडकी घरं तेवढी काढावीत, विहिरी-तळी राखावीत, आणि जो चौक आपोआप मोकळा होईल तो लोकांना बसायला द्यावा, असं तो सांगत असे. शंभर वर्षांनंतरही आपल्या जुन्या पेठांसाठी याहून शहाणा सल्ला मला सापडलेला नाही.

या काळात दोन मैदानं अशी झाली, की ज्यांच्याकडे आजच्या नियोजनकारांनी नीट बघावं. एक कोल्हापूरचं खासबाग. राजर्षी शाहूंनी कुस्तीसाठी बांधून घेतलेलं हे मैदान १९१२ साली तयार झालं. मधे खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते. खेळ कुठला, तो बघायला येणार कोण, हे आधी ठरलं आणि जागेनं त्याप्रमाणे आकार घेतला. दुसरं मैदान म्हणजे मुंबईचं शिवाजी पार्क. १९२५ साली महापालिकेनं ते खुलं केलं, आणि शिवजयंतीच्या त्रिशतकाच्या निमित्तानं १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव दिलं गेलं. जवळपास २८ एकरांच्या या मैदानाला उंच भिंत नाही. आहे तो बसण्याजोग्या उंचीचा कट्टा. त्याला लागून चालायची वाट, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारती. मैदानात काय चाललंय ते गॅलरीतून दिसतं, म्हणून रात्री उशिरापर्यंत बायका तिथे फेऱ्या मारतात. कट्ट्यावर बसायला तिकीट नाही, वेळ नाही, कारण सांगावं लागत नाही. आज एखाद्या नव्या उद्यानाचं काम निघालं, की अंदाजपत्रकात पहिली रक्कम धरली जाते ती आठ फुटी संरक्षक भिंतीची आणि कमानीची. शिवाजी पार्कचा कट्टा त्याहून स्वस्त पडेल आणि जागा जास्त सुरक्षित ठेवील.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि प्रत्येक नगरपालिकेला विकास आराखडा करणं बंधनकारक झालं. त्याच्या जागी आलेला १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आजही चालू आहे. रीत अशी : आधी सध्याच्या जमीनवापराचं सर्वेक्षण, मग प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचना, सुनावणी, आणि शेवटी शासनाची मंजुरी. आराखडा साधारण वीस वर्षांसाठी. त्यात शाळा, दवाखाना, भाजी मंडई, बगीचा, मैदान यांसाठी खासगी जमिनींवर आरक्षणं टाकली जातात. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यातली फट वेगळ्याच कायद्यात आहे. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा असो, महापालिकांचा १९४९ चा असो की मुंबईचा १८८८ चा, या सगळ्यांत पाणी, गटारं, दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्यं आहेत आणि बागा-मैदानं ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं घातली खरी, पण राज्याच्या कायद्यातली ही उतरंड तशीच राहिली. म्हणजे आराखडा मैदान दाखवायला लावतो आणि पालिकेचा कायदा ते नाही केलं तरी चालेल म्हणतो. पैसे तोकडे असलेल्या मुख्याधिकाऱ्यानं यातून काय निवडावं, हे सांगायला नको.

पैशांचा हिशेब एकदा मांडून बघितला पाहिजे. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. हे माप फार मोठं नाही. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजार माणसांमागे सहा एकरांचं माप रूढ झालं, म्हणजे माणशी सुमारे २४ चौरस मीटर. मुंबईत आज माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा-दीड चौरस मीटरच्या आसपास भरते. आता ६० हजार वस्तीचं गाव घ्या. माणशी १० चौरस मीटर धरलं, तर ६० हेक्टर लागतील, म्हणजे सुमारे दीडशे एकर, किंवा गावच्या भाषेत सहा हजार गुंठे. समजा, गावाच्या कडेला गुंठ्याचा भाव दहा लाख आहे. मूळ किंमतच सहाशे कोटी झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी भागात बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे बाराशे कोटी. ब-वर्ग नगरपरिषदेच्या कित्येक वर्षांच्या अंदाजपत्रकांची बेरीज केली तरी हा आकडा गाठणार नाही. आराखडा मंजूर होतो त्या दिवशी हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि मग १९६६ च्या नगररचना अधिनियमातलं कलम १२७ येतं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरची मुदत आधी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये ती बारा महिने झाली आणि २०१५ मध्ये चोवीस. त्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मालकाला मोकळी मिळते. पालिका पूर्वी एखादा ठराव करून 'पाऊल उचललं' असं म्हणत असे. २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते नाकारलं. संपादनाची खरी कारवाई सुरू झाली पाहिजे, असं ठरलं. २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणातही तोच अर्थ कायम राहिला. मला हा निकाल योग्य वाटतो. शेतकऱ्याच्या चार एकरांवर 'मैदान' असा शिक्का मारून त्याला वीस वर्षं ना विकू द्यायचं ना बांधू द्यायचं, आणि पैसेही द्यायचे नाहीत, हा अन्यायच आहे. पण त्या अन्यायाच्या निवारणाची किंमत गावातल्या पोरांनी मोजली, हेही तितकंच खरं. दोघांचंही नुकसान झालं ते एकाच कारणानं : परवडणार नाहीत अशी आरक्षणं टाकायची आणि हाताशी आहे ती जमीन विसरायची.

यावर तोड म्हणून टीडीआर आला. जमीन पालिकेला द्या, त्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क घ्या. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आणि पुण्यात पुढे नव्वदच्या दशकात तो रुजला, आणि पैसे न देता बऱ्याच जागा हाती आल्या. पण तो चालायला हक्क विकत घेणारा बिल्डर लागतो. जिथे आहे तोच चटईक्षेत्र निर्देशांक पुरा वापरला जात नाही, त्या गावात टीडीआरचं प्रमाणपत्र घेऊन मालकानं करायचं काय? मालकाला आरक्षित जागेच्या काही भागावर बांधू द्यायचं आणि उरलेली मोकळी जागा फुकट घ्यायची, हा समायोजनाचा मार्ग लहान गावात थोडा जास्त चालतो, कारण तिथे मालकाला आपल्याच जमिनीतून पैसा सुटतो. तरी तोही भावावर अवलंबून आहे.

मोठ्या शहरांत जागा मिळवण्याचे आणि गमावण्याचे दोन मोठे धडे आहेत. पहिला गिरण्यांचा. मुंबईच्या ५८ गिरण्यांखाली मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमानं सांगितलं, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करून आखणी सुचवली. तसं झालं असतं तर कष्टकऱ्यांच्या गिरणगावाला शिवाजी पार्कच्या तोडीची मैदानं मिळाली असती. २००१ मध्ये नियम बदलला. एक तृतीयांशाची वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू राहिली, जुन्या शेडखालची जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लोअर परळच्या टॉवरांमधून आज चालत जाताना मोकळी जागा शोधावी लागते. नियमातली एक व्याख्या बदलली आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरली असती अशी जमीन हातची गेली. मला या प्रकरणाची चीड अजून येते.

दुसरा धडा पुण्याच्या टेकड्यांचा. १९९७ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा त्यांतल्या टेकड्यांचे माथे आणि उतार राखण्यासाठी जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं : ९७६ हेक्टर. नागरिकांच्या संघटना, वंदना चव्हाणांसारख्या लोकप्रतिनिधी आणि पर्यावरणाचे अभ्यासक वर्षानुवर्षं त्याच्या मागे राहिले, आणि २०१५ मध्ये शासनानं आरक्षण मंजूर केलं. पण ८ टक्के टीडीआर एवढ्या मोबदल्यावर मालक जमीन द्यायला तयार होत नाहीत, म्हणून ताबा रखडतो, आणि ताबा नाही तिथे उतारावर एकेक पत्र्याची खोली चढत जाते. तरी या लढ्यातून एक चांगली गोष्ट झाली. टेकडी ही शहराची मोकळी जागा आहे, हे पुणेकरांना पटलं. वेताळ टेकडीवरून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा पहाटे फिरायला जाणारी साधी माणसं फलक घेऊन उभी राहिली. मुंबईत वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी २०१२ च्या 'ओपन मुंबई' प्रदर्शनात हाच विचार मांडला होता, की नदी, नाले, खाडी, खारफुटी, टेकड्या या सगळ्यांचे काठ जोडून घेतले, तर शहरात मोकळ्या जागेचं जाळं उभं राहतं.

आता तालुक्याच्या गावाकडे वळू. तिथे खरी जमीन आरक्षणांत नसून ले-आउटांत असते. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं ले-आउट करताना १० टक्के जागा खुली सोडावी लागते. गावाच्या वाढीत ३०० हेक्टरांची ले-आउटं झाली असतील, तर ३० हेक्टर खुली जागा सुटलेली असायला हवी. वर काढलेल्या ६० हेक्टरांच्या गरजेपैकी निम्मी, एक रुपयाही मोबदला न देता. बाराशे कोटींच्या स्वप्नापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि आराखड्याच्या अहवालात तो क्वचितच नीट मोजलेला असतो.

अशा एखाद्या खुल्या जागेचा प्रवास जवळून बघण्यासारखा आहे. ले-आउट मंजूर होतं तेव्हा नकाशात बहुधा कोपऱ्यातला, नाल्याकाठचा किंवा विजेच्या उच्चदाब तारांखालचा वेडावाकडा तुकडा 'खुली जागा' म्हणून दाखवला जातो, कारण त्याचे प्लॉट पाडता येत नाहीत. प्लॉट विकले जातात. हक्क सगळ्या प्लॉटधारकांचा सामायिक असतो, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहून जातं. पहिली काही वर्षं तिथे गाजरगवत माजतं. मग गणपतीचा मांडव पडतो आणि पुढच्या वर्षी त्याला पत्रे लागतात. वस्ती वाढते, पाण्याची ओरड होते आणि एका कोपऱ्यात जलकुंभ उभा राहतो. आमदार निधीतून समाजमंदिर मंजूर होतं, त्याला जागा कुठली तर हीच. अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरत असते, तिची इमारत मंजूर होते, तीही इथेच. शेवटी मधे पंधरा पावलांची जागा उरते आणि तिथे ट्रॅक्टर लागतो.

यातली एकही गोष्ट वाईट नाही. लोकांना पाणी हवं, अंगणवाडी हवी, देऊळ हवं. पण अंगणवाडीसाठी, दवाखान्यासाठी, समाजमंदिरासाठी आराखड्यात जी वेगळी आरक्षणं होती ती कधी ताब्यात आली नाहीत, आणि ताब्यातली जमीन म्हणून डोळ्यांसमोर दिसली ती एवढी एकच. बाकीच्या सगळ्या सोयींची न झालेली संपादनं मोकळ्या जागेच्या बोकांडी बसतात. म्हणून 'अतिक्रमण हटवा' एवढ्या एका घोषणेनं मैदानं परत येत नाहीत. अंगणवाडीला जागा द्या, मग मैदान आपोआप वाचतं.

सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत दोनदा स्पष्ट बोलून ठेवलं आहे. १९९१ च्या बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या निकालात उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देणं रद्द झालं, आणि परिसरातल्या रहिवाशांना त्यासाठी दाद मागता येते हे मान्य झालं. दिल्लीच्या पंडित चेतराम वशिष्ठ प्रकरणात, ले-आउटमध्ये उद्यानासाठी सोडलेल्या जागेवर मूळ मालकाचा पूर्वीसारखा हक्क राहत नाही, ती त्यानं रहिवाशांसाठी विश्वस्ताच्या नात्यानं सांभाळायची असते आणि पालिका तिची राखणदार असते, असं न्यायालयानं सांगितलं. गावातल्या प्लॉटधारकांना हे माहीत असतं तर किती खुल्या जागा वाचल्या असत्या!

याहून मोठी गळती मात्र ले-आउटच्या बाहेर आहे. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीत, ना दहा टक्के सुटतात ना धड रस्ता. २००१ चा गुंठेवारीचा कायदा एकदाच करायच्या नियमितीकरणासाठी होता. २०२१ च्या दुरुस्तीनं त्यातली पात्रतेची तारीख २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत पुढे आली. गरिबानं घामाच्या पैशातून घेतलेलं घर कायम व्हावं, याबद्दल दुमत नाही. पण नियमित झालेल्या त्या हजारो घरांतली मुलं खेळणार कुठे, या प्रश्नाला कायद्यात जागा नाही. विकास शुल्कातून मिळालेला पैसा त्याच वस्तीच्या आसपास मैदानाची जमीन घ्यायलाच वापरावा, असं बंधन शासनानं घातलं तर निदान नव्या वस्त्यांत काही हाती लागेल.

जमीन मिळवायचा सगळ्यांत न्याय्य रस्ता मला नगररचना परियोजनेचा वाटतो. पुण्याच्या भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगर-डेक्कनकडची आखणी या रीतीनं झाली. मुंबईच्या उपनगरांतही झाली. सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी प्रत्येकाकडून सारख्या प्रमाणात वाटा घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागलेले भूखंड त्यांनाच परत करायचे. जमीन कमी होते, भाव वाढतो, आणि एकाच्या शेतावर मैदान व दुसऱ्याच्या शेतावर मॉल असा दुजाभाव राहत नाही. गुजरातनं ही पद्धत सोडली नाही. तिथल्या कायद्यात परियोजनेतली ५ टक्के जागा उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागांसाठी धरता येते. महाराष्ट्रानं ती मधली काही दशकं जवळपास टाकून दिली होती. अलीकडे पुणे महानगर प्रदेशात माण-म्हाळुंगेसारख्या परियोजना पुन्हा हाती घेतल्या गेल्या. नगरपरिषदांच्या हद्दवाढीत आलेल्या गावांसाठी हाच पहिला मार्ग असायला हवा, कारण तिथे अजून शेतं आहेत.

आणि हद्दवाढीत गायरानंही येतात. गावांच्या सामायिक जमिनींबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर जुलै २०११ मध्ये शासनानं गायरानं इतर कामांना देण्यावर कडक निर्बंध घातले. गावाचं गायरान शहरात आलं, की ते डम्पिंग ग्राउंडला किंवा प्रशासकीय इमारतीला सुचवलं जातं. त्यातला मोठा वाटा मैदान म्हणून आखून ठेवावा, आणि तोही पहिल्याच आराखड्यात. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना आणखी एक जमीन आहे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, तिच्या आतली जमीन. तिथे घरं बांधायची नसतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगली-कोल्हापूरला ते पुरेपूर शिकवलं. पाणी आठवडाभर बसून ओसरलं तरी ज्याचं फारसं बिघडत नाही, असा जमिनीचा वापर म्हणजे मैदान. अट एकच, की काठाला काँक्रीटच्या भिंती घालून नदीचं पात्र अरुंद करायचं नाही.

मिळालेल्या जागेत काय करायचं, याबाबत निधी देणाऱ्या योजनांची ठरावीक यादी असते : पेव्हर ब्लॉक, कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, हिरवळ. केंद्राच्या अमृत योजनेत २०१५ पासून उद्यानांसाठी अडीच टक्के निधी राखला गेला, त्यातून लहान शहरांतही बागा झाल्या, हे चांगलंच. पण ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या मुलखात रोज पाणी मागणारी हिरवळ लावणं चूक आहे. तिथे कडुनिंब, चिंच, करंज, वड हवेत आणि त्यांच्याखाली साधी माती. एप्रिलच्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला सावली लागते. नेमकं तेव्हाच बहुतेक उद्यानांना कुलूप असतं.

खेळांच्या मापांकडेही कुणी बघत नाही. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे सव्वा-दीड गुंठ्यात बसतं. खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, सव्वाचार गुंठे. ले-आउटच्या पाच-सहा गुंठ्यांच्या खुल्या जागेत आपल्या या दोन खेळांपैकी कुठलाही एक मावतो, फक्त जमीन सपाट करून माती टाकायला हवी. चारशे मीटरच्या धावपट्टीला मात्र चार एकर लागतात, आणि ती गावागावांत हवी आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे कुठे धावतात, ते बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, आणि ती धावतात राज्यमार्गाच्या कडेनं, अंधारात, ट्रकांच्या शेजारून. तालुका क्रीडा संकुल असतं, पण अनेकदा गावापासून तीन-चार किलोमीटरवर, कारण जमीन तिथे स्वस्त मिळाली. सायकल नसलेल्या मुलीसाठी ते असून नसल्यासारखं आहे.

मुलींचा विचार तर वेगळाच करावा लागेल. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे २०११ चं पुस्तक मुंबईबद्दल आहे, पण त्यातला मुद्दा तालुक्याच्या गावाला जास्त लागू पडतो : बाईला सार्वजनिक जागेत नुसतं असण्याची मुभा नाही, तिला काहीतरी काम दाखवावं लागतं. मैदान मुलांच्या क्रिकेटनं व्यापलेलं असतं, आणि मुली कडेच्या ओट्यावरही थांबत नाहीत. आठवड्यातल्या ठरलेल्या वेळा मुलींच्या खो-खोला राखणं, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, रस्त्यावरून आतलं सगळं दिसेल अशी कड आणि संध्याकाळी जळणारे दिवे, एवढ्यानं बराच फरक पडतो. यातल्या कशालाही जमीन संपादन करावी लागत नाही.

सभा, लग्नं, प्रदर्शनं, दांडिया यांचा प्रश्नही आहे. मैदान वर्षातले ठरावीक दिवस इतर कामाला देण्याची सोय कायद्यात आहे, आणि गावाला सभेची जागा लागतेच. पण खड्डे बुजवून, खिळे वेचून मैदान खेळण्याजोगं परत करण्याची अनामत रक्कम घेतली नाही, तर त्या आठवड्याची किंमत खेळाडू महिनाभर देतात.

राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदा कित्येक वर्षं प्रशासकाच्या ताब्यात होत्या. २०२५ च्या डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या आणि आता नगरसेवक बसले आहेत. त्यांच्याकडे पहिली मागणी नव्या उद्यानाची करू नये. मागावी ती खुल्या जागांची नोंदवही. मंजूर झालेलं प्रत्येक ले-आउट, त्यातल्या खुल्या जागेचा गट क्रमांक, क्षेत्रफळ, सातबाऱ्यावरचं आजचं नाव, जागेवर आज काय उभं आहे आणि मोजणी कधी झाली, एवढे रकाने पुरेत. ती वही नगरपरिषदेच्या फलकावर लागली पाहिजे. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी, चार कोपऱ्यांना दगड रोवावेत, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खुली जागा, हस्तांतरणास मनाई' अशी नोंद घालून घ्यावी. आराखडा सुधारायला घेतला जाईल तेव्हा प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत प्रत्येक मैदानाच्या आरक्षणापुढे दोन प्रश्न लेखी विचारावेत : ही जमीन कुठल्या मार्गानं ताब्यात येणार आहे, आणि शेजारच्या अंगणवाडीच्या आरक्षणाचं काय झालं?